चाकावरचा सोनेरी रंग

माझ्या गाडीचं मागचं चाक माझ्या मोठ्या भावानं बिघडवलं, असं मी वर्षभर सांगत फिरलो. ऑफिसात सांगितलं, सासरी सांगितलं, चाक बघून हळहळणाऱ्या गॅरेजवाल्यालाही सांगितलं. ते खोटं होतं.

गेल्या पोळ्याला मी नवी गाडी घेऊन पुण्याहून गावी गेलो. पुण्यातली नव्हे, आमच्याकडची उंद्री; तिथून आत आमचं गाव. दादा शेती करतो, मी नोकरी. गाडी सगळ्यांना दिसावी म्हणून मुद्दाम अंगणात, बैलांच्या खुंट्याजवळ उभी केली. काळी चकचकीत अलॉय चाकं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरतील अशी. हौस माझीच.

दुपारी मी जेवून लवंडलो होतो. दादानं बैलांची शिंगं रंगवायला घेतली. पूर्वी ब्रश असायचा, आता स्प्रेचे डबे मिळतात. त्यानं सोनेरी आणला होता. बैलानं मान झटकली, वारा होताच, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांवर सोनेरी बारीक कण बसले.

दादानंच येऊन मला उठवलं. लपवता आलं असतं, त्यानं लपवलं नाही. चाकं पाहिली आणि माझं डोकं फिरलं. आई, वहिनी, चार शेजारी उभे होते. मी म्हणालो, "अक्कल आहे का तुला? गाडी आहे ही, बैलगाडी नाही." घरात आम्ही असं बोलत नाही. राग आला की माझ्या तोंडातून पुण्याचं बोलणं निघतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"थांब, काढून देतो," एवढंच दादा म्हणाला.

त्यानं आधी साबणाच्या पाण्यानं चाकाची धूळ काढली. मग वाटीत ट्रॅक्टरचं डिझेल घेतलं, जुन्या धोतराचा मऊ तुकडा त्यात बुडवला आणि चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेला लावून पाहिला. तिथली चमक तशीच राहिली, तेव्हा कुठे दर्शनी बाजूला हात लावला. घासलं नाहीच. फडकं नुसतं दाबून धरायचा, रंग सुटला की टिपून घ्यायचा, फडक्याची बाजू बदलायचा. शेवटी पुन्हा साबणाचं पाणी. तास गेला. पुढच्या चाकावर शोधूनही डाग सापडेना, आणि तेच मला जास्त झोंबलं.

मागच्या चाकाला मी त्याला हात लावू दिला नाही. दुकानातून थिनर आणलं, वहिनींची भांड्यांची तारेची घासणी उचलली.

"रगडू नको बे," दादा म्हणाला. "भिजू दे आधी. काऊन घाई करून राह्यला?"

"यातलं तुला काय कळतं?"

सोनेरी रंग गेला. त्याच्यासोबत वरचा चमकदार थरही गेला आणि चाक ओरखड्यांनी पांढुरकं झालं. एका बैलाचं एक शिंग रंगवायचं राहिलं होतं. त्यानं डबा पुन्हा हातात घेतला नाही. तो बैल तसाच पोळ्यात गावच्या तोरणाखाली उभा राहिला, तसाच दारात आला, आणि आईनं त्याला ओवाळून पुरणपोळी चारली.

यंदा पोळ्याला गेलो तर अंगण झाडून मोकळं केलेलं, गाडी सरळ आत लावली. खुंट्याला दावं नाही. वहिनींना विचारलं, बैल कुठे?

"वावरातच रंगवले, तिथंच पुजले," त्या म्हणाल्या. "मीच निवद घेऊन गेली होती. तुमची गाडी येनार होती ना, भाऊजी."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांना सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. हे सांगायचा मान आईचा. तिला आता वावरापर्यंत चालवत नाही. ती ओट्यावर बसली होती, ओवाळायचं ताट शेजारी तसंच होतं. "आला का?" असंही तिनं विचारलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी गाडी अंगणातून काढली आणि पार गावाबाहेर रस्त्यावर नेऊन लावली. चालत परत आलो. बैल केव्हाच वावरात जेवले होते.