नाईक कोंडिबांची जर्मन बाटली

बावीस वर्षं मी दुबईत एसीच्या धंद्यात आहे. पाणी कुठून गळतंय हे शोधण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे अमानवीय वगैरे प्रकारांवर विश्वास ठेवणं मला परवडणारंच नव्हतं. प्रत्येक गळतीला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते आमच्याच टेक्निशियनने करून ठेवलेलं असतं. असो... जे झालं ते सांगतो.

गेल्या नोव्हेंबरात आमचे अण्णा – माझे वडील, वय चौऱ्याऐंशी – साताऱ्याहून जुमेरा लेक टॉवर्सला आमच्याकडे आले. हातातल्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली आजोबांची बाटली. मुंबईला सिक्युरिटीवाल्याने ती दोनदा स्कॅनरमधून काढली, कानाशी हलवली आणि रिकामी आहे म्हणूनच सोडली. हे महत्त्वाचं आहे.

आजोबा, नाईक कोंडिबा – नाईक हा फौजेतला हुद्दा – दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात होते. पकडलेल्या एका जखमी जर्मन शिपायावर त्यांचा पहारा होता. आपल्या वाटचं पाणी त्यांनी त्याला पाजलं. त्याने जाताना आपली बाटली दिली, आणि आजोबांनी वाळूत आपलं नाव काढून दाखवलं ते बघून त्यानेच बाटलीवर कोरलं. मराठीत! गाव यावर पोट धरून हसलं. दाखवा म्हणावं तर नाव लोकरी कव्हराखाली, आणि कव्हराची बटणं बोटीच्या प्रवासातच गंजून बसलेली. वर आमच्याकडे खंडेनवमीची शस्त्रपूजा. घरात शस्त्र एकही नाही, म्हणून दरवर्षी या बाटलीलाच हळद, कुंकू, तेल. कात्री लावा म्हटलं की आजोबा म्हणायचे, पूजेतल्या वस्तूला कात्री लागणार नाही. बाजारातून आणलेल्या बाटलीवर नाव कुठून निघणार, असं लोक म्हणत. अण्णा शाळेतून यावरून मार खाऊन घरी येत. एक-दोनदा देऊनही.

माझ्या मुलीने, इराने, नेटवर क्लाउस शोधला. रिटायर्ड जर्मन इंजिनियर. शारजा औद्योगिक क्षेत्रात जुन्या जीप दुरुस्त करतो आणि युद्धकाळातल्या जर्मन लष्करी वस्तू ओळखून देतो.

शनिवारी सकाळी अकराला आम्ही तिघे त्याच्या शेडमध्ये. त्याने बाटली पांढऱ्या कापडावर ठेवली, वजन केलं – चारशे तीस ग्रॅम, इराने लिहून घेतलं – आणि भिंगातून शिक्का शोधू लागला. कारखान्याची खूण आणि साल कव्हराबाहेरच्या गळ्याच्या धातूवर ठोकलेलं असतं म्हणे. काहीच नव्हतं. कशाने साफ करता, त्याने विचारलं. मी अभिमानाने सांगितलं: चिंच आणि राख, दर दसऱ्याला, आधी आजी आणि मग आई. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. आमच्या घरातल्या बायका कामाला पक्क्या. दोघींनी मिळून जर्मन सैन्याचा पुरावा साफ घासून टाकला होता.

शिक्क्याशिवाय ही युद्धानंतरची नक्कलही असू शकते, तो म्हणाला. शिपाई कव्हराखाली नाव कोरायचे. कापा, लगेच कळेल.

इराने सांगितल्यावर अण्णांनी मान हलवली. "माझ्या बापाने कात्री लावली नाही, मी पण लावणार नाही." मग बाटली मांडीवर घेऊन, माझ्याकडे न बघता हळूच, "पण तो खोटं बोलला असेल का रे?"

चौऱ्याऐंशीव्या वर्षी हा प्रश्न! मी म्हटलं, यल्ला अण्णा, निघू या.

"थांब," ते म्हणाले. "ही ओली होतेय."

कव्हर खालून वर काळपट होत चाललं होतं. मी सवयीने आधी वर बघितलं. एसी नाही, डक्ट नाही, पाइप नाही. कोपऱ्यात एक पंखा, टेबलावर चहाचा कपसुद्धा नव्हता. बोट लावलं तर माठासारखं गार. बाटलीचं झाकण घट्ट, कुणालाच फिरत नव्हतं. क्लाउसने पुन्हा वजन केलं: सहाशे दहा. काटा शून्यावर आणून परत केलं. सहाशे दहाच.

आजवर साठलेलं कुंकू विरघळून पांढऱ्या कापडावर उतरलं, आणि अण्णांच्या अंगठ्याखाली पहिलं बटण सुटलं. मग दुसरं. मग तिसरं.

खाली एका जर्मन माणसाचं नाव होतं. त्याचे घरचे कुठेतरी असतील, म्हणून इथे लिहीत नाही. त्याच्या खाली, वाकडंतिकडं – कोंडिबा.

क्लाउस बराच वेळ भिंग हलवत राहिला. दोन्ही नावं एकाच टोकाने, एकाच हाताने कोरलेली. आणि मराठी अक्षरांवरची रेघ प्रत्येक अक्षराला वेगळी, तीही उजवीकडून डावीकडे ओढलेली. "ही वॉज ड्रॉइंग," तो म्हणाला. "नॉट रायटिंग."

मग त्याने फॉर्म काढला. वस्तूच्या इतिहासाच्या रकान्यात काय लिहू? अण्णांनी टोपी नीट केली, उभे राहिले आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली. एरवी मराठीत प्रश्न विचारला तरी इंग्लिशमध्ये उत्तर देणारी इरा भाषांतर करताना 'माय ग्रेट-ग्रँडफादर' असं दर वाक्याला म्हणत होती. क्लाउसने शेवटी लिहिलं: नाईक कोंडिबा यांनी सांगितल्याप्रमाणे. अण्णांनी ते दोनदा वाचून घेतलं. क्लाउसने उठून त्यांचा हात हातात घेतला. माझी छाती तेव्हा जी फुगली, ती शर्टाच्या बटणाला महागात पडली.

पुढच्या आठवड्यात मी ओलावा मोजायचं मशीन आणि आमचा सर्वात खडूस टेक्निशियन घेऊन त्या शेडमध्ये गेलो. सगळं कोरडं. बाटली परत चारशे तीस ग्रॅम, झाकण अजून फिरत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि माझ्या धंद्यात हे कबूल करायला जड जातं.

शेवटी अण्णांनाच विचारलं, ते पाणी आलं कुठून? त्यांनी पेपरमधून डोकंही वर काढलं नाही.

"पाण्याचं तुझं तू बघ. माझं काम झालं."