बोटीत विचारलेला प्रश्न

आधीच सांगतो, मला लिहिता येतं असा माझा दावा नाही. आमच्या घरात अर्जापेक्षा लांब असं आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. बाबा एसीचे डक्ट बसवणाऱ्या एका कंपनीत फोरमन आहेत, आई दहावीपर्यंत शिकली, आणि कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिला मी. तेव्हा पुस्तकं वाचणाऱ्या माणसांसमोर आपलं लिहिलेलं ठेवायचं म्हणजे थोडा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल मला माफ करा. ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याला माफ करा, असं मात्र मी म्हणणार नाही.

दुबईत जानेवारी आला की आपल्या लोकांकडे आई-वडील येतात. हवा बरी असते म्हणून पुण्या-मुंबईची म्हातारी माणसं व्हिजिटवर येऊन दोन-तीन महिने राहतात. मुलगा-सून ऑफिसला जातात, नातवंडं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतात, आणि हे बाल्कनीतून खालचं पार्किंग बघत बसतात. त्यांच्यासाठी आमचं मंडळ दरवर्षी अर्ध्या दिवसाची सहल काढतं. जुनी वस्ती, म्युझियम, खाडी, मसाल्याचा बाजार आणि शेवटी कालव्यातून बोट. गाइड लायसन असलेलाच लागतो आणि तो इंग्रजीत बोलतो. त्याचं बोलणं मराठीत सांगायला कोणीतरी हवं असतं.

यंदा त्यासाठी मंडळाच्या सेक्रेटरी काकांनी मला फोन केला. हे सिलिकॉन ओएसिसमध्ये राहतात, मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. म्हणाले, कमिटीतल्या सगळ्यांची मुलं बघितली, माइक हातात दिला की दुसऱ्या वाक्याला हिंदीत घुसतात. तुझं मराठी क्लीन आहे, तूच कर. मला वाटलं आता ते अडखळतील, निदान आवाज तरी खाली येईल. तर ते सहज म्हणाले, "आणि आई कशी आहे रे? हल्ली वहिनी दिसत नाहीत प्रोग्रॅमला."

त्यांना आठवतच नव्हतं. फोन ठेवून मी कॉलेजच्या जिन्यात बसलो. गणपतीपासून मी या माणसाचा राग सांभाळत होतो, रोज थोडा थोडा, आणि त्यांच्या डोक्यात त्या दिवसाचा मागमूसही नव्हता. हो म्हणून मी मेसेज टाकला तो याच कारणानं. बोटीतून मधेच कोणाला उठून जाता येत नाही, हे मला लगेच सुचलं होतं.

गणपतीचं सांगतो. मंडळाच्या नैवेद्याची खीर माझी आई करायची. नारळाच्या दुधातली, तांदळाची. मंडळातल्या बायका बँकांत, शाळांत नोकऱ्या करणाऱ्या, इंग्रजीत फोनवर बोलणाऱ्या. त्यांच्यात आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची. पण खीर वाढायला लागली की तिला पुढे बोलवायचे. तेवढा एक दिवस तिला तिथे नाव होतं.

गेल्या गणपतीत सेक्रेटरी काका सकाळीच आमच्या कुसैसच्या घरी येऊन खिरीचं पातेलं घेऊन गेले. आईनं दारातच सांगितलं की पोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा. ते म्हणाले, हो हो वहिनी, यल्ला, निघालोच, हॉलवरच चाललोय. संध्याकाळी आरती झाली, नैवेद्य दाखवला, प्रसाद वाटला, आणि नाचाचे कपडे घातलेली चार-पाच मुलं स्टेजमागे ओकायला लागली. मग मोठ्यांपैकीही काही जण बाथरूमकडे धावले. सेक्रेटरी काका माइक घेऊन उभे राहिले. खीर कोणी केली होती, असं त्यांनी विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं. आई उठून उभी राहिली.

"वहिनी, देण्याआधी चाखून बघितली होती का?"

"नैवेद्य कसा चाखणार?" आई म्हणाली.

"ऐकलंत ना," ते हॉलकडे वळून म्हणाले. "चाखलीच नव्हती."

तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की देवाला दाखवण्याआधी नैवेद्य कोणी तोंडाला लावत नाही. त्यांच्याही घरी लावत नाहीत. त्यामुळेच तर वाढेपर्यंत कोणाला कळलं नव्हतं, वेलदोड्याच्या वासात सगळं झाकलं गेलं होतं. पण त्या दिवशी कोणीच बोललं नाही. आईकडे शपथेवर सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण तिनं खरंच चाखली नव्हती. ती घरी आली, तिनं पातेलं घासून पालथं घातलं आणि त्यानंतर मंडळात पाऊल टाकलं नाही. आपल्याच हातून काही राहिलं असेल का, हे ती भाजी चिरताना मधेच थांबून विचारायची. कधी मला, कधी बाबांना, कधी कोणालाच नाही. त्या प्रश्नानं माझं डोकं भणभणायचं.

सहलीच्या दिवशी बस सिलिकॉन ओएसिसमधून सुटली. गाइड केरळचा होता, शांत माणूस. तो बोलायचा, मग मी. सेक्रेटरी काका पुढे मागे करत सगळ्यांची हजेरी घेत होते, मला "हबीबी" म्हणत होते. त्यांची आईही सहलीला होती. पुण्याहून आलेल्या, काठीच्या आधारानं चालणाऱ्या, बोलक्या. इतर आजोबा-आजींना ऐकू येत नव्हतं की काय कोण जाणे, या मात्र माझ्या अगदी शेजारी उभ्या राहून प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणत होत्या. मला ते नको होतं. ज्याचा सूड घ्यायचा त्याची आई आपल्याला "बाळा, पाणी पी" म्हणायला लागली की काम अवघड होतं. मी ठरवलं होतं, बोटीत माइकवर आईची गोष्ट सांगायची, त्या हॉलमध्ये काय झालं ते, त्यांचं तोंड बघत. बाकी काही हत्यार माझ्याकडे नव्हतं.

ते मला त्या आजींनीच दिलं.

जुन्या वस्तीत आम्ही एका मातीच्या रंगाच्या घराच्या अंगणात उभे होतो. गाइड वाऱ्याच्या मनोऱ्याबद्दल सांगत होता, की वीज नव्हती तेव्हा हा मनोरा वारा पकडून खाली खोलीत सोडायचा. मी तेच मराठीत सांगितलं, आणि पुढे म्हणालो की इथला उन्हाळा तुम्ही बघितलेला नाही, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद गाडीत ठेवलेली पाण्याची बाटलीसुद्धा हाताला चटका देते. त्यावर आजी कौतुकानं शेजारणीला सांगायला लागल्या, "आमच्याला विचारा ना. गणपतीत दिवसभर एकटा वणवण फिरला. मी व्हिडिओ कॉल केला तर हा बर दुबईत फुलांसाठी. मग शारजाला स्पीकर आणायला. मागच्या सीटवर खिरीचं पातेलं, त्याला सीटबेल्ट लावलेला. मी हसले, म्हटलं, अरे, मला पण असाच लावशील का? दुपार टळून गेल्यावर पोचला हॉलवर. पोटात अन्नाचा कण नाही."

शेजारीण म्हणाली, मंडळासाठी एवढं करणारी मुलं हल्ली कुठे असतात.

गाइड पुढच्या खोलीकडे निघाला होता आणि मला त्याच्या मागे जायचं होतं. हॉलवरच चाललोय, असं म्हणाला होता हा माणूस. नारळाच्या दुधाची खीर, सप्टेंबरच्या उन्हात, गाडीत. म्हणजे प्रश्न विचारताना त्याला उत्तर माहीत होतं. मला आनंद झाला, हे खरं सांगतो. इतका आनंद मला कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

त्यानंतरचं सगळं मी घाई न करता केलं. अब्रातून, म्हणजे इथल्या लाकडी होडीतून, खाडी ओलांडताना सेक्रेटरी काकांना इंजिनाजवळची जागा दाखवली, तिथे डिझेलचा धूर येतो. मसाल्याच्या बाजारात एका आजोबांनी केशराचा भाव विचारला, दिरहमचे रुपये करून मोठ्यानं सांगितले आणि डबी परत ठेवून दिली. सगळे हसले, मीही हसलो. काका म्हणाले, आज फॉर्ममध्ये आहेस.

कालव्यातली बोट बंद काचांची होती, आत खुर्च्यांच्या रांगा. दोन्ही बाजूंनी काचेच्या इमारती सरकत होत्या. गाइडनं पुलाचं सांगितलं, की रात्री यावरून पाणी सोडतात आणि बोट आली की ते आपोआप थांबतं. मी तेही मराठीत सांगितलं. मग त्यानं विचारलं, कोणाला काही प्रश्न आहेत का.

"माझा एक आहे," मी माइकवर म्हणालो. "सेक्रेटरी काकांना. काका, गणपतीत सकाळी तुम्ही आमच्या घरून खीर नेलीत. हॉलवर पोचेपर्यंत ती कुठे होती?"

आधी ते हसले. मग आजूबाजूला बघून म्हणाले, "अरे, इथे काय ते मधेच? घरी बोलू आपण."

"माझ्या आईला माइकवर विचारलं होतंत. म्हणून मीही माइकवरच विचारतोय."

"डायरेक्ट हॉलवर नेली. फ्रीजमध्ये ठेवली. खलास." आता त्यांचा आवाज ऑफिसमधला झाला होता. "नेक्स्ट. पुढचं सांग, लोक बोअर होतायत."

"अरे, पण तू तर शारजाला..." त्यांची आई म्हणाली, आणि तिथेच थांबली.

आजी मुलाकडे बघत होत्या. काका काचेतून बाहेर बघायला लागले. गाइडला काही कळलं नव्हतं, त्यानं भुवया उंचावून मला खूण केली, की बोलू का पुढे. मी होकारार्थी मान डोलावली. नंतर काठ येईपर्यंत मी त्याचं एकेक वाक्य नीट मराठीत सांगितलं. मला वाईट वाटायला हवं होतं, असं नंतर काही जण म्हणाले. मला वाटलं नाही. उलट बोट जरा सावकाश जावी असं वाटत होतं.

बसमध्ये चढताना आजींनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेतलं. तुझ्या आईला तो काय म्हणाला, ते सगळं सांग, असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं. काहीही वगळलं नाही, आई पातेलं घासत होती तेही सांगितलं. त्यांनी फक्त एकच विचारलं.

"सगळ्यांसमोर?"

"हो."

त्या वळून बसमध्ये चढल्या आणि मुलाच्या शेजारी न बसता मागे, खिडकीशी जाऊन बसल्या.

घरी मी विजयी होऊन आलो होतो. आईला सगळं सांगितलं. खीर गाडीत होती हे ऐकल्यावर ती पदर तोंडाला लावून खाली बसली. मला वाटलं आता ती हसेल. ती म्हणाली, "सहलीतल्या माणसांपैकी गणपतीला हॉलमध्ये कोण होतं?"

काका आणि मी सोडलो तर कोणीच नव्हतं. बाकी सगळी जानेवारीत आलेली, मार्चमध्ये परत जाणारी माणसं. ज्यांच्यासमोर तिला उभं केलं होतं, त्यांतलं त्या बोटीत दुसरं एकही माणूस नव्हतं. इतका साधा हिशेब मला सुचला नव्हता. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहलीचे फोटो आले, खाली अंगठे आणि फुलं आली, बोटीतल्या बोलण्याचं कोणी नाव काढलं नाही. कमिटीतल्या एकानं बाबांना फोन करून, मुलाला जरा आवरा, शिकतोय तर शिकू द्या, असं सांगितलं. बाबा मला रागावले. मी उलट बोललो. पुढचे कितीतरी आठवडे मी रात्रंदिवस एवढाच विचार करत होतो की तो हॉल परत कसा भरवायचा, तीच माणसं, तोच माइक.

तो मी भरवला नाही. मार्चमध्ये मंडळाची वार्षिक सभा होती आणि त्याच दिवशी माझी व्हायवा. बाबा मेंबर म्हणून एकटेच गेले. मी विद्यापीठाच्या कॉरिडॉरमध्ये आपला नंबर यायची वाट बघत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. बाबा फोनवर मोजकंच बोलतात. म्हणाले, सेक्रेटरींनी अहवाल वाचला, आणि मग खाली न बसता सांगितलं की खीर माझ्या गाडीत दुपारभर उन्हात राहिली, ती तिथे नासली, वहिनींची चूक नव्हती आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं. त्यांची आई पहिल्या रांगेत बसली होती. म्हातारीनं परतीचं विमान सभेसाठी पुढे ढकललं होतं, असं म्हणतात.

मी विचारलं, आईला सांगितलंत का. बाबा म्हणाले, घरी आल्या आल्या सांगितलं.

"मग?"

"मग काय," बाबा म्हणाले. "मघापासून गणपतीला आलेल्या एकेका बाईचं नाव घेऊन विचारतेय, ही होती का आज हॉलमध्ये, ती होती का. दोघी-तिघी आल्या नव्हत्या म्हटलं, तर म्हणते, त्यांना कोण सांगणार?"