धम्मदीपची दुरुस्ती

राजापुरात धम्मदीपचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हाताला गुण चांगला, पण समोरच्याचं ऐकून घेणं त्याला कधी जमलं नाही. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हा स्क्रू काढायला घ्यायचा. सगळे "आम्ही काही केलं नाही" एवढंच सांगतात, मग ऐकायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. अठरा वर्षं हे खपून गेलं.

त्या एप्रिलात एका सकाळी साडेदहाला मुंबईहून दर्शनाचा फोन आला. तिचा नवरा अभय, धम्मदीपचा शाळेतला जोडीदार, न्यूमोनियाने हॉस्पिटलात होता. बाराला घशात नळी घालणार होते, मग बोलणं बंद. आणि डॉक्टर पुढचा भरवसा देत नव्हते. अभयला आईशी बोलायचं होतं. पण गावच्या घरातलं इंटरनेट कालपासून बंद, आणि डोंगराखालच्या त्या खालाटीत मोबाईलला रेंज नाही. "भाऊजी, तुम्ही जाच," ती म्हणाली.

अकराला तो पोचला. अभयच्या आईला, शालनकाकींना, त्याने फक्त अभय बोलणार आहे एवढंच सांगितलं. तेवढ्यावरूनच त्या समजल्या. तोंड धुतलं, इस्त्रीचं पातळ नेसल्या आणि येऊन कॉम्प्युटरसमोर बसल्या.

पडद्यावर वायफायच्या पट्ट्या भरलेल्या, पण एक पान उघडेल तर शपथ. धम्मदीपने बोर्डावरची बटणं बंद करून चालू केली, पासवर्ड पुन्हा घातला, अँटिव्हायरस काढून टाकला, पेनड्राइव्हमधून नवा ड्रायव्हर घातला. मशीन जुनं, एकेका गोष्टीला दहा-दहा मिनिटं घेत होतं.

"धम्मा, वर सड्यावर रेंज असता," काकी म्हणाल्या. "गाडीवरना ने मला. तुझ्या फोनवर बोलेन."

"पाच मिन्टां, काकी."

सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, गाडीने दहा मिनिटांवर होतं. काकींनी आणखी दोनदा तेच सांगितलं, त्याने दोनदा तेच उत्तर दिलं. अभयनेच आणलेलं मशीन आपल्या हातून चालू होत नाही, हे त्याला सोसत नव्हतं.

बाराला दहा कमी असताना त्याची नजर कपाटावरच्या वायफायच्या डब्याकडे गेली. धूळ बसू नये म्हणून काकींनी त्यावर विणलेला रुमाल घातला होता. त्याने तो उचलला. लाल दिवा लुकलुकत होता. डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं ठीक होतं. बाहेरून डब्यात येणारंच बंद होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

डब्यात येणाऱ्या वायरीच्या मागाने तो मागीलदारी धावला. ती बांधावरून जमिनीलगत गेली होती. बांधाखाली तरव्याची जागा काळी पडलेली. पावसाआधी भाताची रोपं करायला पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, ते काम काकींनी काल केलं होतं. त्या आगीत हातभर वायर वितळून गेली होती.

"वायर गेली, चला," म्हणत त्याने काकींना गाडीवर घेतलं. सड्यावर बारा वाजून सात मिनिटांनी फोन लागला. दर्शनाने कॅमेरा अभयकडे वळवला. तोंडात नळी होती, डोळे मिटलेले होते.

"अभ्या," काकींनी हाक मारली. मग पुन्हा मारली. दर्शना रडायला लागली, तेव्हा त्यांनी फोन धम्मदीपच्या हातात दिला.

उतारावर मागून त्यांनी विचारलं, "वायर कशान गेली रे?"

खरं सांगितलं असतं तर त्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं असतं, आणि ते या बाईने मरेपर्यंत वाहिलं असतं.

"वायरीचां काय नाय, काकी. तुमी सांगत होतात, सड्यावर ने म्हणून. मी ऐकलां नाय."

गाडी अंगणात आली तेव्हा काकी म्हणाल्या, "तुला कळतां म्हणून गप बसले मी."

उतरून त्या घरात गेल्या. पाचव्या दिवशी अभय गेला.