बोर्डीच्या टाकीत आमचा स्टाफ

आमच्या आरोग्य केंद्रात किस्से साठायला वेळ लागत नाही. लसीकरणाच्या एका दिवसात चार जमतात. पण बोर्डीच्या टाकीने सगळ्यांवर कडी केली!

टाकी म्हणजे झाकणाची मोठी पेटी. आत अंधार, कोमट पाणी आणि त्यात इतकं मीठ की माणूस बुडूच शकत नाही. एका संस्थेने ती चिकूच्या वाडीतल्या खोलीत बसवली होती. कोविडमध्ये पिचलेल्या आम्हा लोकांनी तासभर तरंगायचं आणि डोकं शांत करायचं.

खरी गरज होती कल्पना सिस्टरला. कोविड वॉर्डात तिच्या हातात माणसं गेली, तेव्हापासून तिची झोप उडाली ती उडालीच. पर्समध्ये राजीनामा घेऊन फिरायची. डॉक्टरांनी महिनाभर थांब म्हणून हात जोडले होते. बाकीचे आम्ही तिच्या सोबतीला.

*

पहिला नंबर रानशेतच्या आमच्या आशा सेविका सुनंदाताईंचा. त्यांनी आत जायच्याऐवजी पिशवीतून मीठ तपासायचं किट काढलं! कोपऱ्यातल्या गोणीतल्या चिमूटभर मिठावर दोन थेंब टाकले. रंग बदलेना. टाकी सांभाळणाऱ्या जिग्नाबेनला म्हणाल्या, "बेन, तुमच्या मिठात आयोडीन नाही. घरात लहान मुलं आहेत ना?"

हे खायचं मीठ नाही, असं जिग्नाबेन सांगत राहिली. ताईंनी गलगंडापासून सगळं समजावलं. तेवढ्यात तास संपला!

*

ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर भरतभाई पाच मिनिटांत बाहेर. एवढी शांतता म्हणजे गाडीत काहीतरी बिघडलंय, असं त्यांना वाटलं म्हणे. दुसऱ्या खेपेला आतून तासभर भजनं म्हटली. वाडीतले चिकू तोडणारे टाळ्या वाजवायला आले!

*

माझंही हसूच झालं. अंधारात पडल्या पडल्या मी स्वतःचीच नाडी बघितली आणि बाहेर आल्यावर नोंद करायला जिग्नाबेनकडे केसपेपर मागितला.

*

कल्पना मात्र पहिल्या दोन्ही वेळा तशीच बाहेर आली. "आत तर वॉर्ड जास्तच दिसतो गं," म्हणाली. शनिवारी डॉक्टरांनी मागितलेला महिना भरत होता.

शुक्रवारी ती तिसऱ्यांदा आत गेली. तास संपल्याची बेल वाजली. ती बाहेर येईना. जिग्नाबेनने टकटक केलं, तरी काही नाही. आम्ही घाबरून हळूच झाकण उचललं.

कल्पना गाऊनमध्ये तरंगत होती. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. कोणी तिला हाक मारली नाही. आम्ही तिघांनी एकदमच घड्याळं बघितली आणि तिचे श्वास मोजायला लागलो!

मिनिट झालं. माझे सोळा, ताईंचे सोळा. भरतभाईंचे सतरा भरले, म्हणून पुन्हा मोजले. सोळाच. मध्येच एक घोरणंही ऐकू आलं, आणि मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

आता भरतभाईंचा नंबर, सिस्टरना उठवू का, असं जिग्नाबेनने विचारलं.

"बेन, हळू बोला," भरतभाई म्हणाले. "पेशंट झोपलाय. झाकण लावा."