गादीवाले मामा आणि तोट्यातली भाची

मामांचं गाद्यांचं दुकान होतं. हा माणूस कुणाला कापसाचा बोळासुद्धा फुकट देणार नाही, अशी त्यांची बाजारात ख्याती. त्यामुळे भाचीच्या ज्युडोचा सगळा खर्च त्यांनी उचलला, तेव्हा नातेवाईक चाटच पडले.

"ताई, आभारबिभार नकोत," ते बहिणीला म्हणाले. "धंदा आहे हा. बक्षिसात माझा हिस्सा, आणि तिच्या जॅकेटच्या पाठीवर दुकानाचं नाव."

इथे जरा गणित चुकलं. ज्युडोत हरणारा पाठीवर आपटतो. भाची आपटली की नाव खाली गडप. आणि ती सारखी आपटायची.

तरीही प्रशिक्षकाची फी, प्रवास, मोडलेल्या बोटाचं प्लॅस्टर, सगळं मामा दुकानाच्या खर्चात दाखवत राहिले. शेवटी कर कार्यालयातून बोलावणं आलं. साक्षीला म्हणून मामा मायलेकींना घेऊनच गेले.

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "यात दरवर्षी तोटाच दिसतोय. बंद करावंसं नाही वाटलं?"

"भाची बंद कशी करणार, बाई?"

"मग दुसरा चांगला खेळाडू घ्यायचा."

"दुसरा कशाला?" मामा उसळले. "हिची फेक बघितलीत का? ऊठ गं, दाखव!"

भाची उठली. बाईंनी खुर्ची झटकन मागे ओढली. "नको, नको! ही हरली की तुम्ही काय करता, ते सांगा."

मामा पावत्या चाळू लागले. भाचीच म्हणाली, "विचारतो, लागलं नाही ना? आणि मग स्वतःच रडतो."

"कापूस जातो डोळ्यांत," मामा पुटपुटले.

"ज्युडोच्या हॉलमध्ये?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "जॅकेटवरच्या छपाईचा खर्च जाहिरात म्हणून मान्य. बाकी धंदा नाही, मामाची माया आहे. त्यावर सूट मिळत नाही."

बाहेर आल्यावर मामांचा चेहरा लालबुंद. "अपील करतो! नाही नाही ते आरोप करतात माणसावर!"

"वेड्या, भर तो कर," म्हणत बहिणीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मामांनी कर भरला, पण आठवडाभर तिच्याशी नजर मिळवली नाही.

पुढे भाची जिंकायला लागली, मुलांना शिकवायलाही लागली. हॉलसाठी नव्या गाद्या घ्यायच्या होत्या. मामांनी भाव सांगितला. भाचीनं दुसरीकडे चौकशी केली आणि स्वस्त मिळाल्या तिथून घेतल्या.

मामा दुपारपर्यंत फुगून बसले. मग मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, "आमची पोरगी! सख्ख्या मामालाही सोडलं नाही हो!"