लाईट आल्यावर

सिन्नरच्या एका कारखान्यात देवराम पॉवर प्रेसवर पत्र्याची झाकणं पाडायचा. दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेस चाले, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहत. पण काम भरभर उरकावं म्हणून सगळेच एक बटण सुतळीने बांधून ठेवत आणि दुसरं कोपराने दाबत. १९९६ साली एकदा लाईट गेली. अडकलेला पत्रा काढायला देवरामने उजवा हात आत घातला, डावं कोपर बटणावरच राहिलं, आणि लाईट आली. दोन बोटं गेली. सुतळी आपणच बांधली होती, म्हणून त्याने कुणाला दोष दिला नाही. पुढे नऊ वर्षं तो स्टोअरमध्ये होता.

मग भाग्यश्री नावाची तरुण इंजिनिअर आली. तिने प्रेसवर कॅमेरा बसवला; आत हात दिसला की प्रेस थांबावी. पण कॉम्प्युटर चित्र ओळीओळीने तपासत बसे, तोवर प्रेस खाली आलेली असे. तेव्हा तिने ती सगळी तपासणी एका चिपमध्ये उतरवली. त्या चिपची आतली जोडणी हवी तशी बदलता येई आणि चित्राचे सगळे तुकडे ती एकाच वेळी बघे.

"म्हंजे पंगतीला एकच वाढपी व्हता, तुम्ही पानागणिक एक उभा केला," देवराम म्हणाला.

"अगदी तसंच, काका. प्रेसवर पहिले तुम्ही बसाल?"

देवरामने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "आधी काकडी बसंल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने बायकोच्या भाजीच्या पाटीतून काकडी आणली. वीस वेळा आत धरली, वीसही वेळा प्रेस थांबली.

"झालं ना, देवबा?" फोरमन सहादू हसला. "का काकड्यांचं दुकानच लावतो?"

"लाईट जाऊन आल्यावर बघू द्या."

काकडी आत धरली, बटणं सुतळीने दाबून बांधली आणि सहादूने मेन स्विच पाडून पुन्हा चढवला. प्रेस धाडकन खाली आली. काकडीचे दोन तुकडे झाले.

भाग्यश्री पांढरीफटक पडली. लाईट गेली की चिप आपली जोडणी विसरते, आणि आल्यावर ती पुन्हा भरून घ्यायला तिला क्षणभर लागतो, हे भाग्यश्रीला ठाऊक होतं. तेवढ्यात कोण हात घालणार, असं तिला वाटलं होतं.

"मी घातला व्हता, ताई," देवराम हळूच म्हणाला.

चिप 'तयार' म्हणेपर्यंत प्रेसला वीजच मिळणार नाही, अशी सोय तिने चार दिवसांत केली. पुन्हा लाईट घालवून आणली; काकडी शाबूत राहिली. मगच देवरामने तीन बोटांचा हात आत धरला. लाईट गेली, आली; प्रेस हलली नाही. त्याने हात लगेच काढला नाही.

तीन वर्षांनी तो प्रेसवरूनच निवृत्त झाला, उरलेली आठही बोटं घेऊन. जाताना त्याने सहादूच्या टेबलावर एक काकडी ठेवली.

"दर सोमवारी लाईट घालवून बघत जा," म्हणाला. "इसरू नको."