नवी केबल, जुनी डिस्क

दुरुस्तीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरची, फाइली किती कॉपी झाल्या ते दाखवणारी हिरवी पट्टी एकाच जागी अडून बसली होती. बाबा गेल्यावर त्यांचा आवाज उरला होता तो फक्त या जुन्या हार्ड डिस्कमध्ये, आणि आता तीही आचके देत होती. मी मुद्दाम सगळ्यात वेगवान, नवी केबल घेऊन आले होते.

“केबल कितीही पळू दे, डिस्क तिच्याच चालीनं चालणार,” दुरुस्तीवाल्या ताई म्हणाल्या आणि ताप बघावा तसा त्यांनी डिस्कवर तळहात ठेवला. आतून टकटक ऐकू आली.

आपण रस्ता रुंद करत राहतो. येणारा थकलेला असतो. शेवटी शेवटी बाबा अडखळत बोलायचे, तेव्हा मी म्हणायचे, “लवकर सांगा ना बाबा, मला उशीर होतोय.”

पट्टी कणभर सरकली. मी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं.